चुकीचा धवला

मला नको तिथं हसू येतं. जन्माची खोड आहे, तिला औषध नाही. शाळेत प्रार्थनेच्या वेळी यायचं, कुणाकडे मयताला गेलं की यायचं, आणि माझ्या स्वतःच्या लग्नात हळदीच्या पाटावर बसलेली असताना तर असं फुटलं की दोन्ही बाजूंच्या करवल्यांनी चिमटे काढले तरी थांबेना. कारण अगदी साधं होतं. गाण्यात नवरी चाफ्याच्या कळीसारखी गोरी असल्याचं चाललं होतं, आणि मी आपली तव्याच्या बुडाशी नातं सांगणारी. समोर गाणारी बाई गायची थांबली. तिच्या उभ्या आयुष्यात गाणं मध्येच थांबलं ते तेव्हाच पहिल्यांदा. ती माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. तिला सगळे बाय म्हणत, मीही म्हणू लागले.

धवला म्हणजे आमच्या आगरी लोकांचं लग्नाचं गाणं, आणि ते गाणारी ती धवलारीण. भटजी उशिरा आला तरी चालतो, धवलारणीवाचून लग्नाचं पान हलत नाही. आधी देवांना आवतण, मग जातं आणि मुसळ, मग हळद कुटायची, मग नवरीचं न्हाण, मग मांडवात नवरदेव. प्रत्येक पायरीचा धवला वेगळा, आणि बायच्या डोक्यात ते सगळे ओळीनं लावून ठेवलेले. तिच्या रोडपाली गावापासून पार खाडीकाठच्या गावांपर्यंत तिला बोलावणी यायची. मी पनवेल गावात वाढलेली, सातवीपर्यंत शिकलेली, मला धवल्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. बायला माझ्यावर डूख धरायला एवढंही पुरलं असतं. त्यात मी हसलेही होते.

तो डूख तिनं मिठातून काढला. तिच्या सासरी सगळे मिठागरावर राबणारे, त्यामुळे मिठाच्या बाबतीत आपला शब्द शेवटचा, असं ती धरून चाले. बाजाराला पनवेलला आली की आमच्याकडे जेवायची. पहिला घास घ्यायचा, आढ्याकडे बघायचं आणि म्हणायचं, "अलनी हाय." कालवण असो, भाजी असो, घावन असो. एकदा मी चिडून मूठभर मीठ जास्त टाकलं. नवरा ताटावरून उठून रांजणाकडे पळाला. बायनं शांतपणे घास गिळला आणि म्हणाली, अलनी हाय. त्या दिवसापासून मी तिच्या नादी लागायचं सोडलं.

मग तिच्या गालात आतून काहीतरी झालं. मशेरी लावायची तिला सवय होती, सकाळ-दुपार-संध्याकाळ. आधी फोड म्हणाली, मग दाढ म्हणाली, मग काहीच म्हणेना, नुसती एका बाजूनं जेवू लागली. पनवेलच्या डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारून बघितलं आणि लगेच मुंबईला धाडलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी कॅन्सर म्हणून सांगितलं. आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारत नसे, आम्ही 'गाठ' म्हणायचो. कापायचं नाही, लाईट द्यायची म्हणजे यंत्रातून किरण सोडायचे, एक दिवसाआड यायचं आणि मध्ये खंड पडू द्यायचा नाही, असं ठरलं. मुंबईची गाडी पनवेलहून सुटे, म्हणून बाय आमच्याकडे राहायला आली.

आता तिला नेणार कोण, हा प्रश्न होता. माझा नवरा बैलगाडीची चाकं बनवायच्या कारखान्यात कामाला. दोन माणसांना न हलणारं चाक एकटा उचलायचा, पण मन लोण्याचं. पहिल्याच खेपेला तो बहिणीला घेऊन निघाला तो तळोज्यालाच रडायला लागला, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत बायलाच त्याचे डोळे पुसावे लागले. परत आल्यावर बायनं सांगून टाकलं की यो रडका मना नको. बायचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, मिठागर सोडून येऊ शकत नव्हते. उरले मी. बायनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, हिला धाडा, ही मी मेल्यावर पन हसंल.

असं आमचं मुंबईला जाणं सुरू झालं. त्या वेळी खाडीवर पूल नव्हता. एस.टी. तळोजा, मुंब्रा, ठाणं करत हाडं खिळखिळी करत जायची. लाईट कुठं द्यायची ते कळावं म्हणून डॉक्टरांनी बायच्या गालावर आणि मानेवर जांभळ्या शाईनं रेघा मारून चौकोन काढला होता, आणि तो धुवायचा नाही अशी सक्त ताकीद होती. गाडीत प्रत्येकाला त्या चौकोनाचं कुतूहल. बाय प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायची. एका आजोबांना तिनं सांगितलं की सरकारनं जमिनीची मोजणी काढलीय, सुरुवात माझ्यापासून केली. आजोबांनी गंभीरपणे विचारलं, रोडपालीपर्यंत कधी येणार. मला हसू आवरेना. बाय माझ्याकडे बघून डोळे वटारायची, पण पुढच्या माणसाला आणखी मोठी थाप मारायची. त्या गाडीत आमची पहिल्यांदा मैत्री झाली, अर्थात तसं दोघींपैकी कुणीही कबूल केलं नाही.

दवाखान्यात मात्र तिचं सगळं अवसान गळायचं. लाईटच्या खोलीत तिला एकटीला झोपवून सगळे बाहेर यायचे आणि जाड दार लावून घ्यायचे. बाय जन्मात कधी खोलीत एकटी राहिलेली नव्हती. रोडपालीच्या घरात झोपायला गेलं तरी शेजारी कुणाचं तरी पोर असायचंच. पहिल्या दिवशी ती दार लागताच उठून बसली, आणि परत झोपवायला दोन माणसं लागली. तिथं एक दक्षिणेकडची नर्स होती, मराठी मोडकंतोडकं पण माया अस्सल. तिनं मला हाताला धरून भिंतीतल्या जाड काचेपाशी उभं केलं आणि सांगितलं की पेशंटचं तोंड इकडेच असतं, तू दिसत राहा, तिची भीती निम्मी होईल.

मी उभी राहिले. काचेतून बाय दिसत होती, त्या एवढ्या मोठ्या यंत्राखाली एवढीशी. डोळे माझ्यावर लावलेले. मला पोटातून भरून आलं, आणि मला भरून आलं की पुढं काय होतं ते ठाऊकच आहे. हसू दाबायला मी गाल फुगवले, ते दाबलं जाईना म्हणून डोळे तिरळे केले. आत बायचं पोट हलायला लागलं. लगेच यंत्र बंद, दार उघडलं, आणि यंत्र चालवणाऱ्या माणसानं मला चांगलंच फैलावर घेतलं. पेशंट हलता कामा नये. त्यानंतर मी काचेपाशी उभी राहायची ती पाठीमागे हात बांधून, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखी. बायनं मला गाडीत सांगितलं की तुज्या तोंडाकडं बघून मना भ्याव वाटाचा सोडून राग येतो, आनि राग आला की बरा वाटतो.

हळूहळू लाईटनं तिचं तोंड आतून सोललं. गालाची कातडी काळवंडली, लाळ आटली, पाणी गिळायचं म्हटलं तरी ती आधी डोळे मिटून घ्यायची. आणि एक दिवस मी कालवणात मीठ टाकायलाच विसरले. खरोखर विसरले, सूड म्हणून नव्हे. नवऱ्यानं पहिला घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. बायनं पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आढ्याकडे बघितलं नाही, काही बोलली नाही. मी विचारलं, बाय, मीठ कसं आहे. ती म्हणाली, बरोबर असंल, मना सगलाच मातीवानी लागतो. ती कधी एकदा 'अळणी' म्हणायची थांबते, याची मी वर्षानुवर्षं वाट बघितली होती. थांबली, आणि मी मिठाचा डबा उचलून तिच्या पुढ्यात नेऊन ठेवला.

चव गेली तशी खायची इच्छाही गेली. दवाखान्यात प्रत्येक खेपेला काट्यावर उभं करायचे आणि प्रत्येक खेपेला काटा खाली. एक दिवस डॉक्टरांनी आम्हा दोघींना बसवून समजावलं. वजन आणखी उतरलं तर अंगाला सोसणार नाही, लाईट बंद करावी लागेल. आणि अर्ध्यावर बंद केली तर गाठ पुन्हा डोकं वर काढेल, मग आमच्या हातात फारसं काही राहणार नाही. बाय मान हलवत राहिली. गाडीत तिनं कुणालाही थाप मारली नाही.

पुढच्या खेपेला मात्र ती फार खुशीत निघाली. चालताना जरा जपून पाय टाकत होती, पण मला वाटलं अशक्तपणा. दवाखान्यात काट्यावर उभी राहिली, काटा चक्क वर गेला. नर्सनं टाळी वाजवली. तेवढ्यात सर्‌सर्‌ असा बारीक आवाज आला. बायच्या लुगड्यातून, पायाच्या घोट्यावरून, काट्यावर आणि तिथून फरशीवर काहीतरी पांढरं ओघळत होतं. खडेमीठ. तिनं दाजींकडून मिठाची पुरचुंडी मागवली होती आणि ती ओच्यात बांधून आली होती. गाडीच्या गचक्यांनी गाठ सुटली. डॉक्टर आत आले ते त्या मिठावरूनच, चपला करकर वाजत. बाय मान ताठ ठेवून म्हणाली, "नजर काडाला आनलाय."

मी भिंतीकडे तोंड केलं, पण उपयोग झाला नाही. मला फुटलं ते पाहून नर्सला फुटलं. ती खुर्चीत बसली, डोळ्यांतून पाणी, टोपी वाकडी. डॉक्टरही खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघायला लागले. हसून झाल्यावर नर्सनं खाली वाकून खडे गोळा केले, ते माझ्या हातात दिले आणि सांगितलं की हे मीठ कामाचं आहे, पण ओच्यात नाही. कोमट पाण्यात चिमूटभर मीठ आणि चिमूटभर सोडा घालून दिवसातून पुन्हा पुन्हा हलक्या गुळण्या करायला लाव. खायला तिखट, गरम, आंबट काही नको. मऊ पेज गार करून दे, दूध दे, पिकलं केळं कुस्करून दे. पोटभर जेव म्हणू नकोस, दोन चमचे खा म्हण, आणि थोड्या वेळानं परत दोन चमचे. मशेरीची डबी फेकून दे. आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाली की औषध आम्ही देतो, तोंड उघडायचं काम तुझं.

तोंड उघडायचं काम. बोलायला सोपं होतं. गुळण्या ती करायची, कारण त्या मिठाच्या होत्या. पण पेजेची वाटी बघितली की ओठ मिटून घ्यायची. मी गोड बोलले, रागावले, देवाची शपथ घातली. नवरा समोर बसून रडला. बाय भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मना जाऊ दे गो पोरी, म्हणाली, कंटाला आला. आता सांगते, मला त्या वेळी तिची दया आली नाही, भयंकर राग आला. इतके दिवस हिच्या शिव्या खाल्ल्या, हिच्यासाठी काचेपुढे माकड झाले, आणि ही म्हणते जाऊ दे. त्याच दिवशी आमची एस.टी. मुंब्र्याला पंक्चर होऊन आम्ही उन्हात बसलो होतो. त्या सगळ्या रागात, तिला झोंबावं म्हणून, मी वाटी हातात घेऊन तिच्याच धवल्याच्या चालीवर मोठ्यानं गळा काढला,

"नवरा आयला यष्टीनं गो, मुंबऱ्याला पंचर झायली."

बाय गर्रकन वळली. "नवरा यष्टीनं येतो काय गो" असं म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि मी चमचा आत घातला. तिला थुंकायचं होतं, पण अन्न थुंकायचं नसतं हे तीच आम्हाला शिकवायची. रागानं लाल होऊन तिनं गिळलं. मी पुढची ओळ घेतली. नवरीला न्हायला बसवलं, आणि हळद अजून कुटलीच नव्हती. "आदी हलद, मंग न्हान" म्हणायला तिनं परत तोंड उघडलं. परत चमचा. देवांना आवतण राहिलंच, ते मी पंगत उठल्यावर दिलं. तिसरा चमचा. वाटी संपली तेव्हा आम्ही दोघी घामाघूम झालो होतो आणि नवरा दारात उभा राहून तोंडात बोट घालून बघत होता.

मग ते रोजचंच झालं. मला धवला येत नव्हता ही माझी सगळ्यात मोठी लायकी ठरली. चुका करायला मला कष्ट पडत नसत, निम्म्या तर आपोआपच व्हायच्या. मी करवलीला नवरीच्या जागी बसवलं, वरमाईला मांडवाबाहेर ठेवलं, एकदा तर वऱ्हाड चुकून पेणला नेलं. बाय एका चमच्याला एक शिवी या दरानं पेज खाऊ लागली. दवाखान्यात काटा खाली जायचा थांबला. नर्सनं विचारलं काय देतेस, मी म्हटलं धवला. तिला वाटलं तो खाण्याचा पदार्थ आहे, आणि तिनं मान डोलावून तोच चालू ठेवायला सांगितलं.

पण घरं चिकटून होती आणि दिवस भाद्रपदाचे. आमच्या शेजारी एक कोकणी मुसलमान भाभी राहायची, तिचा नवरा बोटीवर. ती पहिल्या आठवड्यातच दारात येऊन हळूच विचारती झाली की शादी कुणाची, आणि चातुर्मासात तुमच्यात होते तरी कशी. मी सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली आणि त्या दिवसापासून रोज थंड फिरनीची वाटी भिंतीवरून देऊ लागली. सगळेच काही विचारायला आले नाहीत. बाजारात भाजी घेऊन येणाऱ्या बायांनी रस्त्यावरून धवला ऐकला आणि जाऊन रोडपालीला सांगितलं. आमच्या लग्नाला तोवर बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. गावानं दोन आणि दोन मिळवून बावीस केले. बाय आजारी पडली, तिचा भाऊ मोकाट सुटला, दुसरं लग्न करतोय, तेही चोरून, अधर्माच्या महिन्यात, आणि धवला गायला कुणीतरी पनवेलची शिकाऊ धवलारीण ठेवलीय जिला काही येत नाही.

पाळण्याची गोष्ट मला लागली. खोटं कशाला बोलू. पण ती लागायला फुरसत मिळाली नाही, कारण एका दुपारी दारात बैलगाडी थांबली आणि तिच्यातून रोडपालीच्या धवलारणी उतरल्या. सगळ्यांत पुढं एक वाळलेली, उंच म्हातारी. ती बायची जोडीदारीण, बायनं ओळ टाकली की दुसरी ओळ उचलायची ती हिनं, जवानीपासून. नवरा कारखान्यातून जेवायला आला होता. त्या सगळ्यांनी त्याला ओसरीवरच घेरलं. नवरी कुठं हाय ते दाव, म्हणाल्या. नवरा नेहमीप्रमाणे रडायला लागला, आणि त्यावरून तर त्यांची खात्रीच पटली. मी दाराच्या आड उभी राहून इतकी हसले की मला खाली बसावं लागलं. शेवटी आतून बायचा खरखरीत आवाज आला की त्याला सोडा, तो एकीलाच सांबालतो तं लय झाला.

त्या आत आल्या आणि बायला बघून दारातच थबकल्या. गाल काळा, मान काळी, हात काटक्यांसारखे. म्हातारी तिच्या उशाशी बसली. मी सगळा प्रकार सांगितला, पेजेचा आणि चमच्याचा. तेव्हा त्यांना ते इतकं सोपं वाटलं की एक जण म्हणाली, आमी हाव ना, आमी गातो, नीट गातो. आणि त्या गायला लागल्या. देवांच्या आवतणापासून, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. माझ्या अंगावर काटा आला, हसूसुद्धा आलं नाही. बायनं डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावरची सगळी आठी गेली. पण तोंडही मिटलेलंच राहिलं. मी चमचा ओठांना लावला, ती मान वळवून घेई. ऐकू दे गो, एवढंच पुटपुटली. पेजेवर साय धरली. त्या दिवशी तिनं काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही, कारण आता माझी चूक ऐकायला ती तयार नव्हती. खरं कानात होतं ना.

दवाखान्यात काटा लगेच खाली सरकला. डॉक्टर म्हणाले, लाईटचे थोडेच दिवस उरलेत, तेवढे काढा, नाहीतर मला थांबवावं लागेल. बाया आमच्याकडेच मुक्काम ठोकून होत्या. मी परत येऊन त्यांच्यापुढे हात जोडले आणि म्हटलं, तुम्ही चुकीचा गा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देव्हाऱ्यात चपला घालून शिरलेय. धवला देवांना बोलावतो. चुकला तर देव वाट चुकतात, लग्न फुकट जातं. तू चुकलीस तं चालतं, म्हणाल्या, तुला येतच नाय. आमाला येतं. आमी कशा चुकू. मी पेज घेऊन बायपाशी बसले आणि मला रडू आलं, साधं, सगळ्यांना येतं तसं.

बाया पुन्हा गायला लागल्या, तिला तेवढंच बरं वाटेल म्हणून. हळदीच्या धवल्यापर्यंत आल्या. मुसळ उचललं, उखळ पूजलं. मग म्हातारीची ओळ आली. तिनं एकदा बायकडे बघितलं, एकदा माझ्या हातातल्या वाटीकडे, आणि घोगऱ्या आवाजात उखळात हळद घालायच्या ऐवजी सुकट घातली. सुकट कुटली, दोन्ही हातांनी कुटली, आणि ती नवरीच्या गालाला लावली.

बाकीच्या बाया गाता गाता थिजल्या. बायचे डोळे खाडकन उघडले. ती कोपरावर उठली. "म्हातारे, येडी झालीस? देव वाट चुकतील."

"चुकू देत," म्हातारी म्हणाली. "येतील इचारत इचारत. तू खा."

बायचं तोंड उघडंच राहिलं होतं. मी चमचा घातला. तिनं गिळला. तिच्या डोळ्यांतून पाणी गालावरच्या जांभळ्या चौकोनात उतरलं, आणि मी पदरानं टिपायला गेले तेव्हा तिनंच माझा हात धरला, कारण शाई पुसायची नव्हती. मग तिनं मुकाट्यानं परत तोंड उघडलं. त्याबरोबर बाकीच्यांना जे सुटलं ते काय सांगू. एकीनं नवरदेवाला रेड्यावर बसवलं. दुसरीनं मांडवाला केळीच्या खांबांऐवजी बोंबील बांधले. तिसरीनं सासऱ्यालाच न्हाऊ घातलं. जन्मभर एक शब्द न चुकलेल्या त्या बाया, चुकायची एकदा परवानगी मिळाल्यावर कुणाच्या बापाला ऐकेनात. भाभी भिंतीवरून फिरनी द्यायला आली ती वाटी धरून तिथंच खिदळत उभी राहिली. नवरा ओसरीवर रडत होता की हसत होता ते मला आजही सांगता येणार नाही. बायनं पेज संपवली, फिरनीही खाल्ली, आणि सगळ्यांना एकसाथ अशी शिवी दिली की मला ती इथं लिहिता येत नाही.

उरलेले दिवस असे गेले. लाईट पुरी झाली. काटा टिकला. शेवटच्या दिवशी नर्सनं स्वतः बायच्या गालावरचा चौकोन ओल्या कापसानं पुसला, आणि बाय तिला म्हणाली, मोजनी झाली, आता सातबारा दे. नर्सला ओ की ठो कळलं नाही, तरी ती हसली. दोन-तीन महिन्यांनी दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी बोट फिरवून फिरवून बघितलं आणि गाठ नाही म्हणाले. मी भिंतीकडे वळले. मला वाटतं तोवर तिथल्या सगळ्यांना माझी सवय झाली होती.

माघात म्हातारीच्या नातीचं लग्न निघालं. बायचं तोंड अजून कोरडं पडायचं, दोन ओळींमागे घोटभर पाणी लागायचं, त्यामुळे गाईल की नाही असं सगळ्यांना वाटत होतं. ती गायला बसली. पेला धरायला तिनं मला शेजारी बसवलं. धवलारणीच्या शेजारची ती जागा मला माझ्या रंगरूपानं किंवा गळ्यानं कधीच मिळाली नसती. आवाज पूर्वीपेक्षा बारीक झाला होता, पण ओळीला ओळ लागत गेली. देव आले, जातं झालं, हळद कुटली, नवरी न्हाली. नवरदेव मांडवाच्या दारात आला. आणि तिथं बाय थांबली. आयुष्यात दुसऱ्यांदा.

म्हातारी घाबरून तिच्याकडे झुकली. बायनं सावकाश मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि भर लग्नात, देवाब्राह्मणांच्या समोर, स्वच्छ सूर लावला,

"नवरा आयला यष्टीनं गो, मुंबऱ्याला पंचर झायली."

म्हातारीनं ओळ लगेच उचलली. तिच्यामागून सगळ्या बायांनी उचलली. नवरा मुलगा बैलगाडीतून आला होता, तो गोंधळून मागं बघायला लागला. मला हसू फुटलं ते असं की पेल्यातलं पाणी माझ्याच मांडीवर सांडलं. ओळ बाकीच्यांवर सोडून बाय माझ्याकडे वळली आणि तिनं तोंड उघडलं, पेजेच्या वेळी उघडायची तसं. माझ्या हातात चमचा नव्हता. उरलेला पेला मी तिच्या ओठांना लावला. तिनं घोट घेतला, मांडवाच्या आढ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अलनी हाय."